एक पट्टी, एक गोळी आणि एक यंत्रमानव

१९७४ सालची गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती. स्पर्धेसाठी आलेल्या कथांमध्ये ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा होती. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. हे नाव मराठी वाचकांच्या परिचयाचे नव्हते. कथा मात्र परीक्षकांना आवडली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले.

मग उलगडा झाला. या नावाचे लेखक अस्तित्वातच नव्हते! नावाची आद्याक्षरे घ्या : ना. वि. ज. आता ती उलट्या क्रमाने वाचा : ज. वि. ना. म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. विश्वरचनाशास्त्रातील संशोधनामुळे त्यांचे नाव तेव्हा देशभर गाजत होते. खऱ्या नावाने कथा पाठवली असती, तर परीक्षकांच्या मनावर त्या नावाचे दडपण आले असते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती कथा त्यांच्या पत्नी, गणिततज्ज्ञ मंगला नारळीकर, यांनी आपल्या हाताने लिहून काढली होती. बक्षीस मिळायचे तर ते कथेला मिळावे, लेखकाच्या नावाला नव्हे, एवढाच हेतू.

नाव आरशात पाहिल्यासारखे उलटे करणाऱ्या या लेखकाने पुढे मराठीत अनेक विज्ञानकथा आणि कादंबऱ्या लिहिल्या. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ ही संस्था सुरू झाली. तिचे ते संस्थापक संचालक. नाशिकला २०२१ मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानकथा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अवकाशयाने आणि उडत्या तबकड्या येतात. पण त्यांच्या कथांमध्ये देवाची मूर्ती येते, पेशवाई येते, चोर आणि पोलीसही येतात. आज आपण त्यांतल्या तीन कथांकडे पाहू या. एक कलेशी जोडलेली, एक राजकारणाशी आणि एक गुन्ह्याशी. शेवटी एका चौथ्या कथेकडे वळू, कारण ती कथा खरी होऊ पाहत होती.

फक्त एकच गोष्ट बदला

शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही लंबकाचा प्रयोग केला असेल. दोऱ्याची लांबी बदलली की आंदोलनाचा काळ बदलतो. हे तपासताना आपण गोळा बदलत नाही, जागा बदलत नाही. फक्त दोऱ्याची लांबी बदलतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे होते तसे ठेवायचे, हा प्रयोगाचा पहिला नियम.

चांगला विज्ञानकथाकार हाच नियम पाळतो. त्याच्या प्रयोगशाळेत लंबकाच्या जागी माणसांचा समाज असतो. तो एखादा शोध लागला असे मानतो, किंवा निसर्गाचा एखादा नियम थोडा ताणून पाहतो. बाकीची माणसे आपल्यासारखीच ठेवतो : लोभी, प्रेमळ, भित्री, धाडसी. मग काय होते ते पाहतो. जो लेखक अडचण आली की दर पानावर नवा चमत्कार आणतो, तो परीकथा लिहीत असतो. परीकथाही छान असतात, पण त्यांतून प्रयोगाचा निष्कर्ष निघत नाही.

डावी सोंड, उजवी सोंड

भाद्रपदात तुमच्या घरी येणारी गणेशमूर्ती नीट आठवा. बहुतेक मूर्तींची सोंड मूर्तीच्या डाव्या बाजूला वळलेली असते. उजव्या सोंडेची मूर्ती दुर्मिळ. अष्टविनायकांपैकी सिद्धटेकचा सिद्धिविनायक हा उजव्या सोंडेचा म्हणून प्रसिद्ध आहे.

आता कोणी सांगितले, की एक डाव्या सोंडेची मूर्ती कुठेही न फोडता, न वितळवता उजव्या सोंडेची झाली, तर? आपण म्हणू, मूर्ती बदलली. चोरी झाली! नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत असाच पेच आहे. त्याच्या जोडीला एक क्रिकेटपटूही आहे. उजव्या हाताने खेळणारा हा गडी एकाएकी डाव्या हाताने गोलंदाजी करू लागतो. उलगड्याचा धागा एका कागदाच्या पट्टीपाशी जातो. ती पट्टी तुम्ही घरी करू शकता.

सुमारे ४० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद अशी ट्रेसिंग पेपरची पट्टी कापा. तिची दोन टोके जुळवून बांगडी करा, पण चिकटवण्यापूर्वी एका टोकाला अर्धा पीळ द्या. झाली मोबियसची पट्टी. जर्मन गणिती मोबियस यांनी १८५८ साली तिचा अभ्यास केला होता. आता पट्टीवर एका जागी डाव्या हाताच्या पंजाचे छोटे चित्र काढा. बोटे पट्टीच्या लांबीच्या दिशेला आणि अंगठा एका कडेकडे येऊ द्या. तसाच एक पंजा जाड कागदातून कापून चित्रावर बरोबर बसवा. आता हा कापलेला पंजा पट्टीवरून न उचलता, बोटांच्या दिशेने पुढे पुढे सरकवत न्या. एक फेरी पूर्ण झाली की तो पट्टीच्या मागच्या अंगाला, मूळ चित्राच्या नेमका पाठीशी येईल. पट्टी उजेडात धरा. बोटे पूर्वीच्याच दिशेला, पण अंगठा दुसऱ्या कडेकडे! डावा पंजा उजवा झाला. आणखी एक फेरी मारा, तो पुन्हा डावा होईल. पीळ न दिलेल्या साध्या बांगडीवर शंभर फेऱ्या मारल्या तरी असे होणार नाही.

कागदाच्या सपाट जगात जे पंजाचे झाले, ते आपल्या लांबी, रुंदी, उंचीच्या जगात मूर्तीचे किंवा माणसाचे होईल का? त्यासाठी अवकाशालाच तसा पीळ असायला हवा. असा पीळ आजवर कोणालाही आढळलेला नाही. लेखकाने बदललेली ‘एक गोष्ट’ हीच.

पण एवढे मान्य केले की पुढे प्रश्नांची रांग लागते. आपल्या देशात १९७२ साली पुरावस्तू आणि कलावस्तूंसंबंधी कायदा झाला. ठरावीक पुरावस्तूंची छायाचित्रासह नोंदणी करणे त्यानुसार आवश्यक असते. चोरीची मूर्ती ओळखायला हे छायाचित्रच उपयोगी पडते. समजा, एखाद्या चोराने नोंदलेली मूर्ती उलटी करून बाजारात आणली. ती तीच मूर्ती की दुसरी? आणि तो चोर स्वतःच एक फेरी मारून आला तर? त्याच्या अंगठ्याचा ठसाही आरशातल्यासारखा उलटा होईल. कोलकात्यात १८९७ मध्ये जगातला पहिला बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. तेव्हापासून पोलीस ज्या खुणेवर विसंबून आहेत, तीच खूण कुचकामी ठरेल.

पण चोराला फार आनंद होऊ देऊ नका! फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे बारीक स्फटिक भिंगाखाली चिमट्याने वेगळे केले. त्यांचे दोन ढीग झाले. एका ढिगातला स्फटिक म्हणजे दुसऱ्यातल्या स्फटिकाचे जणू आरशातले रूप! पुढे कळले की रेणूंमध्येही डावे-उजवे असते. आपल्या शरीरातली प्रथिने ज्या अमिनो आम्लांपासून बनतात, ती जवळजवळ सगळी डाव्या जातीची. आपण पचवतो ते ग्लुकोज उजव्या जातीचे. आपली पाचक द्रव्ये डाव्या-उजव्यात भेद करतात, जसा डाव्या पायाचा बूट उजव्या पायात बसत नाही. उलट्या झालेल्या चोराची पाचक द्रव्येही उलटी. त्याला पाणी चालेल, मीठ चालेल; पण पोटभर पोळी-भाजी खाऊनही तो उपाशीच राहील. पोलिसांना तो सापडेल तो दवाखान्यात.

कानाजवळून गेलेली गोळी

दुसरी कथा राजकारणाची. तिचे नाव ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तिची सुरुवात होते ती पुणे-मुंबई प्रवासाने. पण गाडीचे नाव डेक्कन क्वीन नाही, जिजामाता एक्स्प्रेस! इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे मुंबईला पोहोचतात, तर तिथे अजून इंग्रजांचे राज्य आहे आणि ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार थाटात चालू आहे. बाकीचा देश मात्र कधी पारतंत्र्यात गेलेलाच नाही. गंगाधरपंत चक्रावतात. ग्रंथालयात जाऊन इतिहासाची पुस्तके चाळतात. फाटा फुटतो तो १४ जानेवारी १७६१ या दिवशी, पानिपतावर.

आपल्या इतिहासात त्या दिवशी विश्वासरावांना गोळी लागली. सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून गर्दीत शिरले, ते दिसेनासे झाले आणि सैन्याचा धीर सुटला. कथेतल्या इतिहासात ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाते. मराठे जिंकतात. त्या एका गोळीमुळे पुढची दोनशे वर्षे बदलतात.

एवढ्याशा कारणाने एवढा मोठा परिणाम होऊ शकतो का? कथेत याचे उत्तर देताना दोन शास्त्रीय कल्पनांचा आधार घेतला आहे. पहिली कल्पना फ्रेंच गणिती रने तोम यांच्या कॅटॅस्ट्रॉफी सिद्धान्ताची. ती समजायला एक पोस्टकार्ड पुरे. त्याच्या दोन विरुद्ध कडा दोन्ही हातांच्या बोटांनी धरून हळूहळू आत दाबा. थोडा वेळ ते सरळ राहते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ते एकदम वाकते. कुणीकडे वाकणार? अगदी त्या क्षणी मित्राने हलकी फुंकर मारली तरी बाजू ठरते. एकदा वाकल्यावर मात्र तेवढ्या फुंकरीने ते दुसऱ्या बाजूला जात नाही. रणांगणाचेही असेच. दोन्ही सैन्ये तुल्यबळ असतील आणि निकाल काठावर आला असेल, तर एखादी गोळी ती फुंकर ठरते.

दुसरी कल्पना पुंजयामिकीची. एखादा किरणोत्सर्गी अणू नेमका केव्हा फुटेल, हे आधी सांगता येत नाही. फक्त शक्यता किती, एवढेच सांगता येते. काही शास्त्रज्ञ म्हणतात, की सगळ्या शक्यता प्रत्यक्षात येतात, पण वेगवेगळ्या जगांत. ह्यू एव्हरेट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये ही कल्पना मांडली. अपघातात सापडलेले गंगाधरपंत अशाच दुसऱ्या जगात जाऊन येतात.

इथे थोडे थांबून लेखकाशी वाद घालू या. विज्ञानकथा वाचताना ते केलेच पाहिजे. अणूची अनिश्चितता खरी, पण बंदुकीच्या गोळीत अब्जावधी अब्ज अणू असतात. त्यांच्या गर्दीत एकेका अणूची अनिश्चितता पुसली जाते. म्हणून तर आपण गोळीचा मार्ग न्यूटनच्या नियमांनी काढू शकतो. अणूवरून गोळीवर मारलेली ही उडी लेखकाने कथेसाठी घेतलेली सवलत आहे.

दुसरा वाद इतिहासाचा. पानिपतावर मराठ्यांची छावणी दोन महिन्यांहून अधिक काळ अडकून पडली होती. रसद तुटली होती. लढवय्यांबरोबर न लढणारी माणसेही मोठ्या संख्येने होती. हा सारा दाब पोस्टकार्डावर आधीच होता. मग दोष गोळीचा की दाबाचा? नुसते गोळीकडे बोट दाखवले, तर दाब कोणी वाढू दिला हा प्रश्न विचारायचा राहून जातो. आणि राज्य चालवणाऱ्यांना विचारायचा खरा प्रश्न तोच असतो.

या कथेत एक गंमतही आहे. आझाद मैदानावरच्या एका सभेत अध्यक्षांची खुर्ची रिकामी पाहून गंगाधरपंत सवयीने तिच्याकडे धाव घेतात. पण त्या जगातले लोक अध्यक्षीय भाषणांना इतके कंटाळलेले, की त्यांनी ती प्रथाच बंद केली आहे. गंगाधरपंतांवर टोमॅटो आणि अंड्यांचा मारा होतो. पुण्यात सभांची आणि अध्यक्षांची कधीच वाण पडलेली नाही, तेव्हा इथला वाचक हे वाचून हसला नाही तरच नवल!

एकाचे दोन, दोनाचे चार

तिसरी आहे कादंबरी, ‘वामन परत न आला’. जमिनीत खोल खोदताना एक पेटी सापडते. ती एका प्राचीन, पण आपल्याहून प्रगत संस्कृतीने ठेवलेली असते. पदार्थवैज्ञानिक, संगणकतज्ज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ मिळून तिचे गूढ उकलू लागतात. त्यातून मिळालेल्या माहितीवरून एक बुद्धिमान यंत्रमानव तयार होतो. त्याचे नाव वामन. पुराणातल्या बटूने तीन पावले जमीन मागितली आणि तिन्ही लोक व्यापले. या वामनालाही एकच गोष्ट हवी असते : स्वतःसारखा दुसरा वामन घडवता येणे. इकडे गुन्हेगारांची नजर या शोधावर पडते. शेवट मी सांगणार नाही.

एका वामनाने रोज एक नवा वामन घडवला आणि प्रत्येक नव्या वामनाने दुसऱ्या दिवसापासून तेच काम सुरू केले, तर किती होतील? पहिल्या दिवसाअखेर २, मग ४, मग ८. दहा दिवसांनी १,०२४. वीस दिवसांनी दहा लाखांहून अधिक. तीस दिवसांनी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४! तीन पावले कशाला म्हणतात ते आता कळले. अर्थात पोलाद, तांबे आणि वीज कुठेतरी संपेल व ही वाढ थांबेल. पण तोवर माणसांसाठी काय उरेल?

स्वतःची प्रत काढणारे यंत्र तत्त्वतः शक्य आहे, हे गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी १९४८ च्या सुमारास दाखवले होते. ‘रोबॉट’ हा शब्द त्याहून जुना. तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० मधल्या नाटकातून आला. शब्द सुचवला त्याच्या चित्रकार भावाने, योझेफने. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगार! त्या नाटकातले वेठबिगार शेवटी मालकांवर उलटतात.

पोलादाचा वामन अजून आलेला नाही, पण स्वतःच्या प्रती काढणारा अदृश्य वामन येऊन गेला आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने संगणकांच्या जाळ्यात एक प्रोग्रॅम सोडला. तो स्वतःच्या नकला काढत हजारो संगणकांत शिरला आणि ते ठप्प झाले. पुढे मॉरिस दोषी ठरला. भारतात अशा कृत्यांना आळा घालणारा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. तरी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या संगणकयंत्रणेत घुसून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. दार फोडले नाही, तिजोरीला हात लावला नाही. पैसे अनेक देशांतल्या यंत्रांमधून काढले गेले. कादंबरीतले गुन्हेगार निदान समोर तरी दिसतात!

जी कथा खरी होऊ पाहत होती

आता ती चौथी कथा. तिचे नाव ‘पुत्रवती भव’. हा आशीर्वाद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. विज्ञानाने तो हमखास खरा करता आला, तर समाजाचे काय होईल, हा या कथेचा विषय. इथे अवकाशाला पीळ नाही, यंत्रमानव नाही. बदललेली गोष्ट अगदी लहान आहे, आणि माणसे जशी आहेत तशीच आहेत.

गर्भाची तपासणी करण्याचे तंत्र आले ते गर्भातले दोष वेळीच कळावेत म्हणून. पण त्यातून मुलगा की मुलगी हेही कळू लागले, आणि मुलगी नको म्हणणाऱ्यांनी त्याचा वापर केला. या तपासण्यांवर निर्बंध घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. नारळीकरांची कथा त्याच्या आधीची. तरी जनगणनेचे आकडे पाहा. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४.

हे आकडे कोणा एका खलनायकाचे काम नाही. प्रत्येक घराने आपापल्यापुरता एक निर्णय घेतला आणि त्यांची बेरीज अशी झाली. लेखकाने इशारा दिला, सरकारने कायदा केला, आणि आकडा घसरतच राहिला. कथेने समाज आपोआप सुधारत नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण कथा वाचलेला माणूस ‘मला असे होईल हे ठाऊक नव्हते’ असे म्हणू शकत नाही. तिचे मोल तेवढे, आणि ते काही कमी नाही.

तुमची पाळी

नारळीकरांकडे मुले स्वाक्षरी मागायला येत. ते सांगत, स्वाक्षरीऐवजी मला पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा. उत्तर पाठवीन, त्याखाली माझी सही असेलच. अशा कित्येक पोस्टकार्डांना त्यांनी उत्तरे दिली.

आता तुम्ही एक पोस्टकार्ड घ्या. आधी ते दाबून वाकवण्याचा प्रयोग करा. मग ते सपाट करा आणि त्यावर फक्त तीन वाक्ये लिहा. पहिल्यात : तुमच्या गावात, पन्नास वर्षांनंतर, विज्ञानामुळे बदललेली एकच गोष्ट. दुसऱ्यात : तिचा फायदा कोणाला होईल. तिसऱ्यात : ती चोराच्या हाती पडली तर तो काय करील. हे पोस्टकार्ड तुमच्या विज्ञानाच्या शिक्षकांना द्या आणि विचारा, “सर, असे होऊ शकेल का?”

पहिल्या वाक्याला फार वेळ लागणार नाही. तिसऱ्यापाशी मात्र पेन थोडा वेळ थांबेल. तिथेच तुमची विज्ञानकथा सुरू होते.